पालेर्मोतले पितर, आणि सिसिलीतलं रोजचं जगणं

निंबोणी | ३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

काल इथे सगळ्यांचे पितर येऊन गेले. इथले लोक त्यांना नुसतं ‘इ मोर्ती’ म्हणतात, मेलेली माणसं, पण मी घरात पितरच म्हणते आणि लेकालाही तोच शब्द शिकवलाय. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज तो लवकर झोपला आणि नवरा फिरतीवर आहे म्हणून बसलेच.

सहा वर्षं झाली आम्हाला पालेर्मोत. बल्लारो बाजाराच्या मागच्या गल्लीत एका जुन्या बिल्डिंगमधे तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली दुसऱ्या मजल्यावर एक सिन्योरा आहेत, वय ८१, मला इथलं जे काही कळतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांच्या स्वैपाकघरात उभं राहून कळलंय.

तर परवा १ तारखेच्या रात्री त्या कठड्याला धरत धरत वर आल्या आणि दारातच विचारलं, किसणी कुठे ठेवतेस? मी दाखवली, तर त्यांनी ती उचलून ओव्हनमधे ठेवली, वर फडकं टाकलं आणि ओव्हनचं दार लावून घेतलं. कारण त्या रात्री घरातली मेलेली माणसं परत येतात, शहाण्या मुलांसाठी खाऊ-खेळणी ठेवून जातात, आणि ज्यांनी वर्षभर आईला छळलं त्यांच्या पायांचे तळवे किसणीने किसतात. म्हणून आजी लोक आदल्या रात्री किसणी लपवतात. लेक सात वर्षांचा आहे, पाय पोटाशी घेऊन झोपला बिचारा.

सकाळी उठल्या उठल्या टोपली शोधायची. टोपलीला ‘कान्निस्त्रु’ म्हणतात. त्यात साखरेचा एक रंगवलेला शिलेदार होता, ‘मेलेल्यांची हाडं’ नावाची पांढरी कडक बिस्किटं होती (लवंगेचा वास येतो त्यांना) आणि मार्तोराना फळं. ही फळं म्हणजे बदामाची पूड नि साखर मळून त्याला हुबेहूब फळाचा आकार देतात आणि रंगवतात. अंजीर, चेस्टनट, निवडुंगाचं बोंड, अगदी बोंडावरच्या काट्यांच्या जागेचे ठिपकेसुद्धा. मार्तोराना नावाच्या मठातल्या जोगिणी ती करायच्या म्हणून तेच नाव पडलं. लेकाच्या हातात एक डाळिंब होतं, ते फुटलेलं दाखवलं होतं आणि आतले दाणे एकेक करून लावलेले. त्याने ते खाल्लंच नाही, अजून उशाशी आहे.

टोपली कुणी आणली विचारलं तर सिन्योरा म्हणाल्या, माझ्या नवऱ्याने. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले, लेक तेव्हा तीन वर्षांचा, त्याला ते आठवतही नाहीत. पण आता तो जिन्यातल्या त्यांच्या फोटोकडे बघून जाताना हात करतो. मेलेला माणूस आपल्याला ओळखतो, आपल्याला काय आवडतं हे त्याला माहीत असतं, हे इथलं मूल असं खेळता खेळता शिकतं. आमच्याकडे पितृपक्षात आम्ही पोरं कावळ्याची वाट बघत भुकेली बसायचो, त्यातलं गांभीर्य मला कळायचं पण माया कळायला खूप वर्षं गेली.

नंतर सगळे स्मशानात जातात, शेवंती घेऊन. शेवंतीवरून सांगते, पहिल्या वर्षी मी सिन्योरांच्या वाढदिवसाला पिवळ्या शेवंतीची कुंडी घेऊन गेले होते. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, गालाला गाल लावला, एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता हळूच सांगितलं की ही फुलं इथे फक्त मेलेल्यांना देतात. कुंडी मात्र त्यांनी टाकली नाही, ती यजमानांच्या आईवडलांच्या कबरीवर नेऊन ठेवली.

आणि ज्याच्यासाठी खरं तर हा धागा काढला ते म्हणजे ‘उ कुन्सुलु’. सांत्वन असा अर्थ. घरात कुणी गेलं की त्या घरात चूल पेटवत नाहीत, जेवण बाहेरून येतं, शेजाऱ्यांकडून नाहीतर नातेवाईकांकडून. यजमान गेले तेव्हा मी खाली गेले तर पहिल्या मजल्यावरची बाई कोंबडीच्या रश्शाचं झाकलेलं पातेलं घेऊन चढत होती, मागून कुणी कॉफी आणि साखरेचे पुडे, कुणी ब्रेड. कुणी कधी आणायचं हे कुणी ठरवलेलं दिसलं नाही पण एकावर एक असं दोनदा आलं नाही. मला काही सुचेना, मी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी केली, वर तूप घातलं आणि नेली. सिन्योरांनी ती चमच्याने सगळी खाल्ली. मग विचारलं, तुमच्याकडेही मेलेल्या घरात स्वैपाक करत नाहीत का गं? मी हो म्हणलं. त्यानंतर त्यांनी मला ‘तू’ म्हणायला सांगितलं, पण माझ्याने होत नाही, मी अजून ‘वोस्सिया’ म्हणते, म्हणजे आपल्या ‘आपण’सारखं.

खूप लांबलं. अजून पुष्कळ आहे सांगण्यासारखं, विचारा.

माजघर | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

निंबोणी, सकाळी चहाबरोबर वाचलं आणि चहा गार झाला. आमच्या गावी अजून तसंच आहे, माणूस गेलं की तीन दिवस भावकीतून पिठलं-भात येतो. माझे वडील गेले तेव्हा समोरच्या काकूंनी आणलेल्या पिठल्याला मीठच नव्हतं, रडत रडत केलेलं असणार. आम्ही तसंच खाल्लं. ते पिठलं मला अजून आठवतं.

तिखटमीठ | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

छान लिहिलंयस. बल्लारोच्या जवळ राहतेस तर तिथल्या खाण्यावर पण लिही ना. मी कुठेतरी ऐकलं की तिकडे बेसनाचं काहीतरी पावात घालून खातात?

निंबोणी | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

माजघर, तुमचं पिठलं वाचून काय लिहावं कळेना.

तिखटमीठ, ते पानेल्ले. ऐक, ही अगदी आपली पाटवडी आहे, फोडणी नसलेली आणि तळलेली. पाव किलो चण्याच्या पिठाला पाऊण लिटर पाणी, गारच, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मीठ घालून फेटून घ्यायचं मग मंद आचेवर हलवत राहायचं, हात थांबवायचा नाही, वीस पंचवीस मिनिटं तरी, कडा सोडायला लागलं की चिरलेली पार्सली घालायची (नसेल तर कोथिंबीर घाल, चव वेगळी पण वाईट नाही). मग, हे बघ, सिन्योरा ते ताटलीच्या उलट्या बाजूवर थापतात, पातळ, सुरीने सारखं करतात, गार झालं की अख्खा गोल पापुद्र्यासारखा सुटून येतो, त्याचे चार तुकडे करून कडक तेलात तळायचे. वरून लिंबू, आणि तीळ लावलेल्या मऊ पावात घालून खायचं. इथलं पीठ काबुली चण्याचं असतं, आपल्या डाळीच्या बेसनाने थोडं जास्त खमंग होतं, चालतं. शेजारी बटाट्याचे लांबट वडे पण ठेवतात त्याच पावात, म्हणजे वडापाववाल्या माणसाला इथे उपाशी राहायची वेळ येत नाही.

बाजारात मात्र पहिले काही महिने मी घाबरायचे. फेरीवाला ओरडतो ती ओरड नसते, गाणंच असतं, ‘अब्बान्न्याता’ म्हणतात, हेल काढून काढून. आणि भाजीवाल्याला पुदिना आहे का विचारलं तर तो तोंडाने काही बोलायचा नाही, हनुवटी वर, डोकं जरा मागे आणि जिभेने ‘च्क्’. बस. आपण नाही म्हणायला करतो तस्साच आवाज! माझी सासू करते अगदी तस्सा. इटलीच्या वरच्या भागातल्या लोकांना हे समजत नाही, त्यांना तो उद्धटपणा वाटतो, मला पहिल्या दिवशी कळलं.

एटनाच्या_पायथ्याशी | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

अरे वा, सिसिलीचा धागा! मी कातानियात शिकतोय, तिसरं वर्ष. ताई तुम्ही पालेर्मोच्या म्हणजे तुम्ही तो भाताचा तळलेला गोळा ‘अरान्चिना’ म्हणणार, बाईमाणूस आणि गोल. आमच्याकडे तो ‘अरान्चिनो’ आहे, पुरुष आणि शंकूसारखा, आमच्या एटना ज्वालामुखीसारखा. यावरून इथे खरोखर भांडणं होतात, आणि मी पूर्ण कातानियाच्या बाजूचा आहे.

आमच्याकडचं पण थोडं लिहितो. एटना धूर सोडतच असतो पण कधी कधी काळी राख पडते, तांदळाच्या कण्यांएवढी, छत्री घेऊन कॉलेजला जायचं. रस्त्यावर ती वाळूसारखी घसरते म्हणून महापालिका दुचाकी बंद करते काही काळ. घराघरातले लोक गच्ची झाडून पोती भरतात, त्यात कुणी चिडचिड करताना मी बघितलं नाही. त्याच राखेच्या जमिनीत पिस्ते, द्राक्षं, लिंबू येतात. माझी घरमालकीण डोंगराला बाई समजते, ‘आ मुन्तान्या’ म्हणते, आज ती कशी आहे, तिचा मूड कसा आहे असं.

उन्हाळ्यात नाश्त्याला ग्रानिता आणि ब्रियोश (मऊ गोडसर पाव). ग्रानिता म्हणजे बर्फाचा गोळा नाही हां, बारीक मऊ असतं, बदामाचं नाहीतर लिंबाचं नाहीतर तुतीचं. ब्रियोशच्या डोक्यावर एक छोटा गोळा असतो त्याला ‘तुप्पु’ म्हणतात म्हणजे बायकांचा अंबाडा, आधी तो अंबाडा तोडून ग्रानितात बुडवायचा असा नियमच आहे. पूर्वी फ्रीज नव्हते तेव्हा एटनावरचा बर्फ थंडीत गोळा करून खड्ड्यात दाबून, वर नेचे नि माती घालून उन्हाळ्यापर्यंत जपायचे आणि तो खाली शहरात आणून त्याचं हे करायचे.

आणि फेब्रुवारीत ३ ते ५ सान्ताआगाता, म्हणजे कातानियाच्या संत आगाताचा उत्सव. पांढरे सदरे आणि काळ्या टोप्या घातलेले हजारो लोक, कुणी एवढी मोठी मेणबत्ती खांद्यावर घेऊन की माणूस वाकलेला, आणि देवीचा चांदीचा रथ, दोन लांबच लांब दोरांनी हाताने ओढतात. मेण सांडून रस्ता निसरडा होतो म्हणून लाकडाचा भुसा टाकतात, तो वास अजून नाकात आहे. मी पंढरपूरचा आहे. पहिल्या वर्षी गर्दीत उभा होतो आणि एक म्हातारा घोगऱ्या आवाजात ‘चित्तादीनी, विवा सान्ताआगाता’ ओरडला, सगळ्यांनी उत्तर दिलं, मी पण दिलं, आणि घरी जाऊन आईला फोन केला.

शब्दवेडा | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

या बेटाचा इतिहास बघितला तर आपल्याला ओळखीचं का वाटतं ते थोडं उलगडतं. ८२७ साली अरब माझाराला उतरले, ८३१ ला पालेर्मो घेतलं, नॉर्मन लोकांनी १०७२ मधे पालेर्मो त्यांच्याकडून घेतलं आणि १०९१ पर्यंत बाकीचं बेट. पण भाषेत आणि शेतात अरब राहिलेच. काल्तानिस्सेत्ता, काल्ताजिरोने, काल्ताबेल्लोत्ता, ह्या गावांच्या नावातलं ‘काल्ता’ म्हणजे अरबी कलअ, आपला किल्ला तोच. बागेला पाणी द्यायच्या हौदाला ‘जेब्बिया’ म्हणतात, तो अरबी. संत्र्याच्या फुलाला ‘झागरा’, अरबी झहर. टूना मासा पकडणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला ‘राइस’, हा आपल्याकडे रईस म्हणून श्रीमंत होऊन बसला. आणि तिळाला ‘जुज्जुलेना’, अरबी जुलजुलान. इटालियन सोर्बेत्तो आणि आपलं सरबत एकाच मुळाचे. लिंबू, संत्री, ऊस, पाटाचं पाणी हे सगळं त्याच काळात तिथे रुजलं असं मानतात. त्रापानीला तर अजून माशाच्या रश्श्यात कुसकुस खातात, हाताने रवा वळून.

सह्यवारा | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

सगळं छान आहे पण माफियाबद्दल कुणीच बोलत नाहीये. सिसिली म्हटलं की आमच्यासारख्यांना तेच आठवतं. भीती नाही वाटत का तिथे राहायला? लोक काय म्हणतात?

निंबोणी | ५ नोव्हेंबर, रात्री ११:४५

सह्यवारा, विचारलंत ते बरं झालं, याचं उत्तर मला नीट द्यायचंय.

इथे दुकानात टोपी आणि बंदूकवाल्या माणसाचे फ्रीजवर चिकटवायचे चुंबक मिळतात. आमच्या सिन्योरा त्या दुकानावरून जाताना मान वळवतात. २३ मे १९९२ ला कापाचीजवळ माफियाने हायवेखाली स्फोट करून त्यांच्याविरुद्ध लढणारे न्यायाधीश फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन रक्षक मारले. १९ जुलैला दुसरे न्यायाधीश बोर्सेल्लीनो, आईला भेटायला गेले होते, दारात, पाच रक्षकांसह. सिन्योरा सांगतात तेव्हा पालेर्मोच्या बायकांनी बाल्कनीतून पांढऱ्या चादरी लावल्या होत्या, काही चादरींवर लिहिलेलं, काही नुसत्या. त्यांनी लग्नातली भरतकामाची चादर लावली होती. ती त्यांनी मला पेटीतून काढून दाखवली, एका कोपऱ्याला गंजाचा डाग आहे, कठड्याच्या लोखंडाचा. तो धुवायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही.

फाल्कोनेंच्या घरासमोर एक मोठं झाड आहे, लोक अजून त्याच्या खोडाला चिठ्ठ्या लावतात, शाळेतल्या मुलांची चित्रं असतात. दरवर्षी २३ मेला संध्याकाळी स्फोटाच्या वेळेला तिथे शांत उभे राहतात. २००४ मधे काही तरुण पोरांनी रातोरात शहरभर स्टिकर लावले, की जी जनता खंडणी देते तिला मान नाही, त्यातून ‘आद्दियोपिझो’ ही संघटना झाली, खंडणी न देणाऱ्या दुकानांवर त्यांची पाटी असते आणि मी शक्यतो तिथूनच घेते. २०१६ ला व्हिया माक्वेदा भागातल्या बांगलादेशी दुकानदारांनी एकत्र येऊन खंडणीवाल्यांची नावं पोलिसांना दिली, अटका झाल्या. माझा कोथिंबीर-मिरचीवाला त्या भागातला आहे. हे लोक गावात नवे, भाषा अर्धी, कागदपत्रांची काळजी, आणि तरी बोलले. म्हणून मला कुणी माफियाची गंमत केली की राग येतो, तुमचा नाही आला, तुम्ही नीट विचारलंत.

भीतीचं म्हणाल तर मला रात्री बाजारातून येताना भीती वाटत नाही, वरच्या बाल्कन्यांत कुणी ना कुणी बसलेलं असतं.

पिंगुळीचा_वारा | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

तो साखरेचा शिलेदार म्हणजे कठपुतळीवाला का? मी कुडाळचा, आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आहेत म्हणून विचारतो.

एटनाच्या_पायथ्याशी | ६ नोव्हेंबर, दुपारी १:२०

हो, ‘ओपेरा देइ पुपी’. ओर्लान्दो, रिनाल्दो, फ्रान्सच्या राजाचे सरदार, दोघांचं एकाच मुलीवर प्रेम. पालेर्मोच्या बाहुल्या साधारण ८० सेंटीमीटर, गुडघे वाकतात, तलवार म्यानातून काढता येते. कातानियाच्या त्याहून खूप मोठ्या, वजनाला ३० किलोपर्यंत, गुडघे ताठ, तलवार कायम हातात. वरून मुख्यतः लोखंडी सळईने चालवतात, नुसत्या दोरीने नाही. मारामारी सुरू झाली की चालवणारा लाकडी बुटाने फळीवर पाय आपटतो, धाड धाड, अख्खं थिएटर हलतं. पूर्वी गोष्ट महिनोन्महिने रोज रात्री थोडी थोडी चालायची आणि लोक घरी जाऊन उद्या काय होणार यावर भांडायचे. युनेस्कोने २००१ साली त्याला वारसा म्हणून जाहीर केलं.

पिंगुळीचा_वारा | ६ नोव्हेंबर, दुपारी ४:००

दोरी नाही सळई, हे डोळ्यासमोर आणतोय. आमच्याकडे रामायणातल्या कथा. आजोबा सांगायचे की बाहुली जुनी झाली की ती टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. धन्यवाद, दोघांनाही.

आजीचा_बटवा | ८ नोव्हेंबर, रात्री १०:१०

दृष्टीचं काही आहे का गं तिकडे?

निंबोणी | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

आहे तर. ताटलीत पाणी घेऊन तेलाचे थेंब सोडतात, थेंब पसरले तर दृष्ट लागलीय. मग मंत्र पुटपुटतात, तो मंत्र नाताळच्या आदल्या रात्रीच दुसऱ्या बाईला शिकवायचा. लेकाला ताप होता तेव्हा खाली सिन्योरांनी तेल-पाणी केलं, वर मी मीठ-मोहरी ओवाळली, आणि डॉक्टरांचं औषधही दिलं.

आणि ब्रेडचं सांगायचं राहिलं. तुकडा खाली पडला तर उचलून त्याला ओठ लावतात, टाकायचा असला तरी. पाव उलटा ठेवलेला चालत नाही. लेकाने हे इतकं घेतलंय की पोळीचा तुकडा पडला तरी तो पापी घेतो.

निंबोणी | १३ डिसेंबर, रात्री १०:५५

धागा वर काढतेय, आज सान्ता लुचियाचा दिवस. आज पालेर्मोत पाव नाही, पास्ता नाही, पिठाचं काहीच नाही. १६४६ च्या दुष्काळात धान्याचं जहाज बंदराला लागलं, लोक इतके भुकेले की दळायला कुणी थांबलंच नाही, गहू तसेच उकडून खाल्ले, अशी गोष्ट सांगतात. म्हणून आज भाताच्या अरान्चिना आणि ‘कुच्चिया’. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग मऊ शिजवून गोड रिकोत्तामधे (मऊ ताजं चीज) कालवायचे, वर भोपळ्याचा मुरांबा, चॉकलेटचे तुकडे.

सिन्योरांनी सकाळीच वाडगा भरून वर पाठवला. तोच भिजलेला गव्हाचा दाणा, दाताखाली फुटणारा, मला एकदम आमच्याकडच्या खपली गव्हाच्या खिरीची चव आली. आता त्यांचा वाडगा धुऊन ओट्यावर ठेवलाय. इथेही रिकामं भांडं परत देत नाहीत. आज पिठाचं चालणार नाही, उद्या काय घालून देऊ? सुचवा कुणीतरी.

शब्दवेडा | १३ डिसेंबर, रात्री ११:३०

तिळाची वडी. जुज्जुलेना.

निंबोणी | १५ डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

केली. गूळ बांगलादेशी दुकानात मिळाला, वड्या जरा कडक झाल्या. सिन्योरांनी एक हातात घेतली, खिडकीशी उजेडात धरून बघितली, कडेला मोडली आणि तोंडात टाकली. मग म्हणाल्या, अगं ही तर कुब्बाइता, माझी आई नाताळात करायची, फक्त मधाची. अर्धी वडी त्यांनी फोटोसमोर ठेवली. वाडगा ठेवून घेतला आणि मला दुसराच, रिकोत्ता भरलेला, हातात दिला.